मेंदू बघून माणूस कळतो का?

२००८ साली पुण्यातला एक खटला पेपरात बराच गाजला होता, काहींना आठवत असेल. एमबीए करणाऱ्या एका मुलीवर आरोप होता की तिने आधी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या मुलाला प्रसादातून आर्सेनिक दिलं. नावं मुद्दाम लिहीत नाही. तर तपासात या मुलीच्या डोक्यावर ३२ इलेक्ट्रोडची टोपी घातली आणि तिला सांगितलं की तू काही बोलायचं नाहीस, नुसतं बसून ऐकायचं. मग एकेक वाक्य ऐकवत गेले. मी आर्सेनिक विकत घेतलं. मी त्याला भेटले. मधेच एखादं साधं, आकाश निळं आहे टाइप. ती गप्प, पण तिच्या मेंदूतले विजेचे तरंग रेकॉर्ड होत होते आणि कॉम्प्युटरने निकाल दिला की आर्सेनिकच्या वाक्यांना तिच्या मेंदूत 'अनुभवातून आलेली माहिती' सापडते. म्हणजे तिने हे नुसतं ऐकलेलं नाही, स्वतः केलंय.

जून २००८ मध्ये सेशन्स कोर्टाने जन्मठेप दिली. खटल्यात बाकीचे पुरावेही होते, पण निकालपत्रात या टेस्टवर पानंच्या पानं आहेत आणि जगभरातल्या न्यूरोसायन्सवाल्यांनी ते वाचून डोक्याला हात लावला. पुढे हायकोर्टाने तिला जामीन दिला.

मला हा खटला आठवतो तो गुन्ह्यासाठी नाही. तिने केलं की नाही ते मला माहीत नाही आणि तो या लेखाचा विषयही नाही. पण 'मेंदू खोटं बोलत नाही' हे वाक्य तेव्हा ज्या सहजपणे बोललं गेलं, ते आज इन्स्टाच्या रील्सवर, पालकसभेत, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सगळीकडे ऐकू येतं. तुम्हाला राग येतो कारण अमिग्डला. मोबाइल सुटत नाही कारण डोपामिन. मुलगा गणितात कच्चा कारण तो राइट ब्रेनवाला. ऐकायला एकदम शास्त्रीय वाटतं. आणि यातलं बरंचसं म्हणजे 'पाऊस का पडला, तर ढगातून पाणी खाली आलं म्हणून' असं सांगण्यासारखं असतं.

आधी त्या टोपीचं बघू. ईईजी म्हणजे कवटीच्या बाहेरून विजेचे तरंग मोजायचे. वेळेच्या बाबतीत ते भारी आहे, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतं. फिट येणाऱ्या पेशंटसाठी तर फारच उपयोगाचं. पण एखादं वाक्य ऐकून मेंदू दचकला एवढं कळलं तरी तो का दचकला हे कळत नाही ना. ज्या बाईची पोलिसांनी महिनोन् महिने चौकशी केलीये, जिला शंभरदा विचारलंय की आर्सेनिक कुठून आणलंस, तिच्यासाठी आर्सेनिक हा शब्द आणि आकाश निळं आहे हे वाक्य सारखं असेल का? शिवाय केलेली गोष्ट, ऐकलेली गोष्ट आणि रात्र रात्र डोळ्यासमोर आणलेली गोष्ट, यांच्या आठवणी मेंदूत वेगवेगळ्या कप्प्यात लेबल लावून ठेवलेल्या नसतात. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली एक प्रयोग छापला. २४ जणांना सांगितलं की तुम्ही लहानपणी मॉलमध्ये हरवला होतात, घरच्यांनी सांगितलंय आम्हाला. असं काही झालेलंच नव्हतं. तरी साधारण पाव लोकांना ते थोडंफार 'आठवलं'. त्यांच्या डोक्याला टोपी लावली असती तर काय निकाल आला असता सांगा.

गंमत म्हणजे ही टेस्ट तयार करणारे सी. आर. मुकुंदन हे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचेच, तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजी विभागाचे माजी प्रमुख. आणि २००८ मध्येच निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की हे अशास्त्रीय आहे, कोर्टात पुरावा म्हणून वापरू नका. घरचाच आहेर. मग ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक सरकार या निकालात स्पष्ट केलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग, यातलं काहीही कुणावर जबरदस्तीने करता येणार नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि तोंड बंद ठेवून मेंदूतून काढून घेतलेली साक्षही साक्षच. कोर्टाने या टेस्ट किती भरवशाच्या आहेत तेही तपासलं, पण मुख्य मुद्दा माणसाच्या हक्काचा होता.

बरं, ईईजी जुनं झालं, आता स्कॅन आलेत असं कुणीतरी म्हणेलच. ते रंगीत फोटो, मेंदूत लाल पिवळे ठिपके पेटलेले. त्याला एफएमआरआय म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास याचा पाया घातला आणि खरंच कमाल तंत्र आहे, कवटी न उघडता आत डोकावता येतं. पण ते मोजतं काय? विचार नाही, भावना नाही, न्यूरॉन्सची, म्हणजे मेंदूतल्या पेशींची, वीजसुद्धा नाही. ते मोजतं रक्तातला ऑक्सिजन. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे जास्तीचं रक्त धावतं, आणि ते पूर्ण पोचायला पाच-सहा सेकंद लागतात.

उन्हाळ्यात सोसायट्यांना पाण्याचे टँकर येतात ते डोळ्यासमोर आणा. तुम्ही टेकडीवर उभे आहात आणि तुम्हाला फक्त टँकर दिसतायत, कुठला टँकर कुठल्या गल्लीत वळला तेवढंच. त्यावरून तुम्ही म्हणू शकता की त्या गल्लीत पाणी जास्त लागतंय. लग्न आहे, का बांधकाम चाललंय, का कुणाची टाकी फुटलीये, हे टँकरवरून कसं कळणार? आणि टँकर येईपर्यंत लग्न लागूनही गेलेलं असतं. स्कॅनमधला एक ठिपका म्हणजे साधारण दोन-तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, त्यात लाखो न्यूरॉन्स. अख्ख्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. म्हणजे एकेक ठिपका म्हणजे गल्ली पण नाही, एक आख्खं शहर आहे.

शिवाय ते पेटलेले ठिपके हे काही पेटलेले नसतातच. मेंदू चोवीस तास चालू असतो, झोपेत पण. त्या चित्रात दिसतो तो फरक. हे काम करताना इतकं रक्त, ते काम करताना तितकं, वजाबाकी करा, गणिताने ठरवा की फरक दखल घेण्याएवढा आहे का, आणि मग त्याला रंग द्या. रंग माणसाने दिलेला असतो. आणि इथे गणितात चुकलं की काय होतं त्याची एक मस्त गोष्ट आहे. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सामन मासा बाजारातून आणला, मेलेला, आणि स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. या माणसाला आत्ता काय वाटत असेल असंही विचारलं! आणि माशाच्या मेंदूत ठिपके 'पेटले'. भूत वगैरे काही नाही हो, मेंदूचे हजारो तुकडे एकाच वेळी तपासले की त्यातले थोडे नुसत्या योगायोगाने वेगळे दिसणारच, त्यासाठी गणितात दुरुस्ती करावी लागते आणि त्या काळात बरेच लोक ती करत नव्हते. बेनेट यांनी मासा त्यासाठीच वापरला, सहकाऱ्यांचे कान टोचायला. हे काम त्यांनी २००९ साली मांडलं आणि २०१२ मध्ये त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. दुरुस्ती केली की मासा परत मेलेला.

आता या क्षेत्रात सुधारणा झाल्यात, पण दुसरी अडचण तशीच आहे. अमूक स्वभावाच्या माणसाचा मेंदू असा असतो असं सांगणारे जे अभ्यास येतात त्यात माणसं किती घेतलेली असतात? बऱ्याचदा वीस-पंचवीस, स्कॅनरचा खर्च दांडगा ना. २०२२ साली नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला, पन्नासेक हजार माणसांचा डेटा घेऊन केलेला, आणि त्यांचं म्हणणं की मेंदूची ठेवण आणि वागणूक यातला संबंध इतका बारीक असतो की तो भरवशाने दिसायला हजारो माणसं लागतात. पंचवीस माणसांवरून बातमी झाली असेल तर ती चहाबरोबर वाचायची आणि सोडून द्यायची.

अमिग्डलाचं थोडक्यात सांगतो. मेंदूत खोलवर बदामाएवढा भाग, सगळीकडे त्याला 'भीतीचं केंद्र' म्हणतात. पण नवीन काहीतरी दिसलं, आवडीचं दिसलं, हसरा चेहरा दिसला तरी तो जागा होतो. आणि एक अमेरिकन पेशंट आहे, शास्त्रीय लेखांत तिला एसएम म्हणतात, तिचे दोन्ही अमिग्डला एका दुर्मीळ आजाराने गेलेत. साप, कोळी, चाकूवाला माणूस, कशालाच घाबरत नाही. पण २०१३ च्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली तर ती चांगलीच घाबरली, पॅनिक अटॅक आला. म्हणजे भीतीचं केंद्रच नाही आणि भीती आहे. तेव्हा 'अमिग्डला पेटला म्हणजे तो घाबरलाय' असं उलटं वाचत जाणं धोक्याचं. सर्दी झाली की नाक वाहतं हे खरं, पण नाक वाहतंय म्हणजे सर्दीच असं नाही, कांदा चिरत असाल.

तुम्ही म्हणाल ही सगळी आजच्या मशिनची तक्रार झाली, उद्या मशिन चांगलं आलं की सुटेल. मलाही असंच वाटायचं. मग मी एरिक योनास आणि कॉनरॅड कोर्डिंग या दोघांच्या २०१७ च्या एका लेखाबद्दल वाचलं आणि जरा गप्प झालो.

यांनी मेंदू घेतलाच नाही. त्यांनी घेतली एमओएस ६५०२ नावाची जुनी चिप, १९७५ सालची, अटारी आणि ॲपलच्या पहिल्या मशिन्समध्ये असायची ती. साडेतीन हजाराच्या आसपास ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे बारीक स्विच, बास. माणसानेच बनवलेली, तिचं सगळं ड्रॉइंग उपलब्ध, एकेक ट्रान्झिस्टर एकेका क्षणी काय करतोय ते कॉम्प्युटरवर हुबेहूब बघता येतं. म्हणजे मेंदूवाल्यांना स्वप्नात मिळणार नाही इतका पूर्ण डेटा. ही चिप तीन व्हिडिओ गेम चालवत होती, त्यातला एक डाँकी काँग. आता या दोघांनी ठरवलं की समजा आपल्याला चिपबद्दल काहीच माहीत नाही, मेंदूवर वापरतात त्याच पद्धती हिच्यावर वापरू. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून बघितला, जसं मेंदूचा एखादा भाग खराब झाला की काय बिघडतं ते बघतात. तर असे काही ट्रान्झिस्टर सापडले की जे बंद केले की फक्त डाँकी काँग बंद पडतो, बाकीचे दोन गेम चालू. अरे वा! डाँकी काँगचं केंद्र सापडलं!

पण चिपमध्ये डाँकी काँगचं केंद्र नावाचं काही नसतं. तो ट्रान्झिस्टर बिचारा कुठलीतरी छोटीशी बेरीज करत असतो, तेवढी बेरीज त्या गेमला लागते इतकंच. गेम चिपमध्ये नाहीच आहे, तो प्रोग्रॅममध्ये आहे. कुणीतरी माणसाने बसून ठरवलं की वरून पिंपं गडगडत येणार आणि खालच्याने उड्या मारायच्या. चिपचा कोपरान् कोपरा मोजलात तरी 'उडी का मारायची' याचं उत्तर तिथे मिळणार नाही, त्याला गेम काय आहे हे माहीत असावं लागतं. डेटा कमी पडला म्हणून अडलं असं इथे म्हणायची सोयच नाही, डेटा शंभर टक्के होता. प्रश्नच वेगळ्या मजल्यावरचा होता.

माणसाचं याहून अवघड, कारण आपला गेम आपल्याला जन्मतः मिळत नाही, तो घरातून, भाषेतून, गल्लीतून, पगारातून, जातीतून, शेजाऱ्यातून येत राहतो आणि रोज बदलतो. एखादी सून जेवायला सगळ्यांच्या नंतर का बसते याचं उत्तर हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भुकेचं बघणाऱ्या भागात, शोधा, भूक लागलीये एवढं सापडेल. ती का थांबली आहे ते स्वयंपाकघरात बघावं लागेल.

अगदी बारीक प्राण्याचंही हेच रडगाणं आहे. सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा किडा, त्याच्या अंगात मोजून ३०२ न्यूरॉन, कोण कुणाला जोडलंय याचा नकाशा १९८६ सालीच छापून झालाय. तरी तो नकाशा समोर ठेवून हा किडा पुढच्या क्षणी नेमका काय करेल ते आजही सांगता येत नाही. आणि आपण २०१३ मध्ये युरोपात ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट काढला, आख्खा मेंदू कॉम्प्युटरवर उभा करू अशा थाटात. २०२३ मध्ये प्रोजेक्ट संपला. उपयोगाचे नकाशे, सॉफ्टवेअर बरंच मिळालं त्यातून, उगाच नावं ठेवत नाही, पण मेंदू काही उभा राहिला नाही.

फ्री विलवाला, म्हणजे आपण खरंच आपल्या मर्जीने ठरवतो का यावरचा, प्रयोग पण कुणीतरी कॉमेंटमध्ये टाकणारच, म्हणून आत्ताच. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी लोकांना सांगितलं की वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि कधी वाटलं ते घड्याळात बघून सांगा. मेंदूतली हालचाल सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू झालेली दिसायची आणि 'हलवावंसं वाटलं' ते मनगट हलायच्या पाचव्या हिश्श्याएवढा सेकंद आधी. झालं, लोकांनी जाहीर करून टाकलं की निर्णय मेंदू घेतो आणि आपण नुसते शिक्का मारतो. मग २०१२ मध्ये एरन शुर्गर आणि मंडळींनी दाखवलं की तो आधीचा चढ म्हणजे निर्णय असेलच असं नाही. मेंदूत नेहमीच खालीवर चालू असतं. आपण फक्त मनगट हललं तेवढेच क्षण निवडतो आणि मागे वळून सरासरी काढतो. निफ्टीने नवा उच्चांक केला तेवढेच दिवस काढा, त्यांच्या आधीच्या आठवड्याची सरासरी करा, चढच दिसणार. त्यावरून बाजाराने आठवड्यापूर्वीच ठरवलं होतं म्हणाल का? आणि मनगट हलवणं कुठे आणि नोकरी सोडून गावी जाणं कुठे.

मग या अर्धवट गोष्टी आपल्याला इतक्या पटतात कशा? यावरही प्रयोग झालाय, २००८ साली, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला. लोकांना एखाद्या वागणुकीची स्पष्टीकरणं दिली, काही चांगली, काही मुद्दाम फालतू, आणि काहींमध्ये 'ब्रेन स्कॅनमध्ये असं दिसलं' असं संबंध नसलेलं वाक्य घुसवलं. साध्या लोकांना ते वाक्य असलं की फालतू स्पष्टीकरणही बरं वाटायला लागलं. मेंदूचा अभ्यास असलेले तज्ज्ञ मात्र फसले नाहीत. यावर आपल्याकडे धंदा चालतो. आमच्या सोसायटीत एकाने डीएमआयटी नावाच्या टेस्टचा कँप लावला होता, मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन सांगणार की मेंदूचा कुठला भाग किती टक्के, कुठली शाखा घ्यायची, फाइल एकदम जाडजूड आणि प्रत्येक पानावर रंगीत मेंदू. माझ्या भाच्याचे ठसे पण दिले ताईने. निकाल आला की त्याने कॉमर्स घेऊ नये. ताई, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने सांगितलंय की याला शास्त्रीय आधार नाही, असं मी म्हटलं, तर म्हणे अरे पण त्यांनी मेंदूवरून सांगितलंय. पोरगा आता कॉमर्सलाच आहे, बरा चाललाय.

न्यूरोसायन्स वाईट असं मला म्हणायचं नाहीये. स्ट्रोकनंतर वाचा का गेली हे १८६१ पासून, पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांपासून, हळूहळू कळत गेलं. पार्किन्सनचा हात थरथरायचा थांबतो मेंदूत बारीक तार बसवून. तिथे बिघाडच मेंदूत आहे म्हणून उत्तरही तिथेच सापडतं. पण विदर्भातला कापूस उत्पादक रात्र रात्र जागा आहे, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, त्याच्याही मेंदूत काहीतरी बदललेलं असणारच, तरी त्याच्या आयुष्यात सावकार आहे, बोंडअळी आहे, पडलेला भाव आहे, मुलीचं लग्न आहे. नुसतं सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं ही गोष्ट तर २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात फारशी टिकलीच नाही. (औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका हां, औषधाचा उपयोग होतो का हा प्रश्न वेगळा आणि आजार कशाने होतो हा वेगळा. डॉक्टरला विचारा.) थॉमस इन्सेल अमेरिकेच्या मानसिक आरोग्य संस्थेचे तेरा वर्षं प्रमुख होते, मेंदू आणि जनुकांच्या संशोधनाला त्यांनी भरभरून पैसा दिला, आणि बाहेर पडल्यावर स्वतःच कबूल केलं की शोध छान लागले पण आत्महत्या काही कमी करता आल्या नाहीत.

आता गोव्यातलं सांगतो. तिथे १९९६ पासून संगत नावाची संस्था आहे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली. त्यांनी गोव्यातल्या १० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ पेशंटवर एक अभ्यास केला, सगळे बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनवाले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून. उरलेल्यांना त्याबरोबर एक समुपदेशक, मानसोपचाराची डिग्री नसलेला, त्याच भागातला माणूस, थोड्या आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेला. सहा ते आठ भेटी, केंद्रावर नाहीतर घरी. तीन महिन्यांनी बघितलं तर समुपदेशकवाल्या गटात ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलं.

त्या भेटींत करायचे काय, तर दिवस कसा जातो ते विचारायचे. उठल्यावर काय करता, कुणाशी बोलता, आधी काय आवडायचं जे आता सोडलंय, अडचण पैशाची आहे का घरातली. मग त्यातली एखादी छोटी गोष्ट या आठवड्यात करायची ठरवायची, देवळापर्यंत चालत जाणं म्हणा किंवा बहिणीला फोन म्हणा. आणि पुढच्या भेटीत पहिला प्रश्न, गेला होतात का?